पिवळी कॅसेट आणि अंघोळीच्या पाण्याचा टोप

मी, चंपा सखाराम मुणगेकर, वय वर्षे छप्पन्न, अविवाहित, दादरच्या एका नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर अठ्ठावीस वर्षे बसलेली, राहणार केणी चाळ, दुसरा मजला, जिन्याजवळची खोली, लालबाग, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. माझ्यावर कोणीही दबाव टाकलेला नाही. दबाव टाकून माझ्याकडून कोणाला काही मिळालंय, असं चाळीत तरी ऐकिवात नाही.

कलम १. येत्या गुरुवारी, २० नोव्हेंबरला, माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही." ते घाबरले नव्हते हे मला दिसलंच. म्हणून रविवार दिनांक ९ पासून रोज दुपारी थोडं थोडं लिहिते आहे. गोळ्यांनी गुंगी येते, डोळे मिटतात, अक्षर तिरपं जातं. तिरपं असलं तरी माझंच आहे, याची नोंद घ्यावी.

कलम २. राहती खोली, तिच्या बदल्यात नव्या इमारतीत मिळेल ती जागा, आणि सहकारी बँकेतली ठेव, हे सगळं माझा भाचा सौमित्र याला. तो गुणी आहे, फक्त फोन उचलत नाही. खोलीचा ताबा घेताना दाराचा पडदा काढू नये. दुपारी चारला त्यातून भिंतीवर जो पिवळट उजेड पडतो, तो नव्या इमारतीत मिळणार नाही.

कलम ३. माझा संग्रह. टीव्हीवर खेळायच्या गेमच्या एकशे त्रेचाळीस कॅसेट, सहा मशीन आणि अकरा रिमोट, त्यांपैकी चार चालणारे. हे सगळं पोटमाळ्यावर, अंघोळीचं पाणी तापवायच्या जुन्या टोपात आणि दोन पत्र्याच्या डब्यांत आहे. कॅसेट म्हटल्यावर ज्यांना गाणी आठवतात त्यांच्यासाठी सांगते: ही पंजाएवढी प्लास्टिकची डबी असते, मशीनमध्ये खोचली की टीव्हीवर खेळ सुरू होतो.

बत्तीस वर्षांत मी एकही कॅसेट महाग घेतलेली नाही. रे रोडला लाकडाच्या वखारींमागे भंगाराची गोदामं आहेत, गिरगावात इमारत पाडायला काढली की पोटमाळे रिकामे होतात, दादरच्या फुटपाथवर रविवारी सकाळी जुनं सामान पसरतात. तिथे जायचं, पिशवीत वर मेथीची जुडी ठेवायची, आणि "गेम आहे का" असं कधीही विचारायचं नाही. "मोडकी खेळणी आहेत का, भाच्याच्या पोरांना?" असं विचारायचं. सौमित्रला पोरं नाहीत, पण त्यांच्या नावावर मी बरंच काही घरी आणलंय. घरी आल्यावर आतले पितळी दात खोडरबराने पुसायचे. दहातल्या सात तरी जिवंत होतात.

चार-पाच वर्षांपासून मात्र हा नाद सगळ्यांनाच लागला. दाढीवाली पोरं येतात, कॅसेट उजेडात धरतात, वास घेतात, 'रेट्रो' म्हणतात. तो शब्द उच्चारला की भाव चढलाच. रे रोडचा गोदामवाला परवा मला फोन दाखवतो, "मावशी, ऑनलाइन बघा केवढ्याला आहे!" मी म्हटलं, "मग ऑनलाइनलाच बस ना बाबा, इथे धुळीत कशाला बसलायस?" त्याने तोंड फिरवलं. मीही.

तरी अजून कधीकधी असं होतं. पत्र्याच्या फटीतून ऊन खाली आलेलं असतं, त्यात धूळ तरंगते, कुठलाच आवाज येईनासा होतो, आणि ढिगाऱ्यात खोल काहीतरी पिवळं दिसतं. माझे पाय जमिनीवर राहत नाहीत. हात घालते. तुपाच्या डब्याचं झाकण निघतं.

माझ्यामागे हा संग्रह एखाद्या दुकानदाराला एकगठ्ठा विकू नये. सौमित्रने रविवारी दादरच्या फुटपाथवर बसून एकेक विकावी, स्वस्त विकावी. गिऱ्हाइकाने "चालते का?" असं विचारलं तर द्यावी. "किती जुनी आहे?" असं विचारलं तर देऊ नये.

कलम ४. श्री. विनीत परब, भांड्यांवर नावं घालणारा, पूर्वी राहणार याच चाळीत तळमजला, याला माझ्या मालमत्तेतला खिळाही मिळू नये. कारण लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी दया दाखवायला नको.

सन ब्याण्णवमध्ये माझ्या जहाजावरच्या मामाने दुबईहून टीव्हीचा गेम आणला, त्यासोबत एक पिवळी कॅसेट. तिच्यात बावन्न खेळ होते. विनीत तेव्हा लालबागच्या भांड्यांच्या दुकानात विजेच्या सुईने नावं घालायचा. संध्याकाळी हात झटकत वर यायचा. रिमोटच्या वायरी एवढ्या आखूड की दोघांना खांद्याला खांदा लावून बसावं लागे, आणि आई समोर तांदूळ निवडत असूनही त्याला कोणाचा आक्षेप नसे. खेळच तसा, काय करणार! आमचं लग्न व्हायचं होतं असं मी म्हणणार नाही. व्हायचं नव्हतं असंही म्हणणार नाही.

सतरावा खेळ नदीचा होता. दोन होड्या, एक त्याची, एक माझी. चौथ्या वळणानंतर आभाळ गुलाबी व्हायचं, आणि तिथे काहीच अंगावर येत नसे. आम्ही रिमोट खाली ठेवायचो. पाणी आपोआप वाहायचं, होड्या नुसत्या डुलायच्या. पंधरा-पंधरा मिनिटं आम्ही त्या गुलाबी आभाळाखाली बसून राहायचो. तो खेळ मला एकशे त्रेचाळीसपैकी एकाही कॅसेटमध्ये मिळालेला नाही. स्वप्नात मात्र येतो.

त्या कॅसेटच्या पाठीवर विनीतने सुईने 'चंपा' असं कोरलं होतं. मंगळवार, ११ मे १९९३ रोजी संध्याकाळी मी कामावरून आले तर कॅसेट जागेवर नाही. आदल्या दिवशी विनीत म्हणाला होता की दुकानातला एक जण तिला चांगली किंमत द्यायला तयार आहे. मी खाली गेले आणि चौकात सगळ्या चाळीसमोर त्याला चोर म्हटलं. आई जिन्यात उभी होती. विनीत पांढराफटक पडला. एवढंच म्हणाला, "भांडी घासायला घेशील तेव्हा कळेल तुला." बाईमाणसाला भांडी घासायला सांगतो! माझं डोकं फिरलं. महिन्याभरात परब मंडळी गिरगावला गेली.

ती कॅसेट बाजारात सापडली असती तर त्याची चोरी त्याच्या तोंडावर फेकता आली असती. म्हणून मी शोधायला लागले. संग्रह हा त्यातूनच झाला.

कलम ५. चौदा इंची जाड टीव्ही आणि माझी नारळी काठाची साडी शेजारच्या दर्शनाला आताच देऊन टाकली आहेत, वाटणीत धरू नयेत. टीव्ही तिने मागितलेला नाही, पण तिच्याशिवाय कोणी आपटणार नाही. वरून डावीकडे, हलक्या हाताने, दोनदा.

कलम ६. भांडी. वकीलबाई म्हणाल्या, नाव घातलेली भांडी असतील तर नावासकट यादी द्या, मागाहून वहिनी-नणंदांची भांडणं होतात. म्हणून बुधवारी, १२ तारखेला, दर्शनाकडून सगळी भांडी खाली काढून घेतली. तांब्याची कळशी एक. स्टीलची ताटं सहा, 'कै. सखाराम यांच्या स्मरणार्थ'. टोप एक, मोठा, काठावर 'सौ. लक्ष्मीबाई स. मुणगेकर, लालबाग, ११-५-९३'.

तारीख वाचली, 'भांडी घासायला घेशील तेव्हा' आठवलं, आणि मी टोप उलटा केला.

हा टोप बोहारणीकडून आलेला. जुने कपडे देऊन आईने घेतला, एवढं मला माहीत होतं. त्यात तिने कधी अन्न शिजवलं नाही. पहिल्या दिवसापासून तो अंघोळीच्या पाण्याला लावला, आणि पाण्याच्या टोपाचं बूड कोण घासतंय! गीझर आल्यावर त्यात माझ्या कॅसेट गेल्या. बत्तीस वर्षांची काजळी तशीच बुडाला. दर्शना म्हणाली, "राहू दे गं, दम लागेल." मी काथ्या आणि राख घेऊन बसले. दम लागला. अर्ध्या तासाने काळ्यातून बारीक अक्षरं वर आली, तळातून बुडबुडे यावेत तशी. अक्षर मी कुठेही ओळखलं असतं.

'चंपाची पिवळी कॅसेट बोहारणीला देऊन हा टोप घेतला. ११-५-९३. वि.'

आईला वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

आई, तुझ्यावरचा राग या कलमात लिहिते आणि इथेच संपवते. तुला ती रिकामी डबी वाटली असेल. बोहारीण अडून बसली असेल, "अजून कायतरी घाला," म्हणून तू ती टाकली असशील. ते मी एका मिनिटात विसरले असते. पण तू जिन्यात उभी होतीस. मी त्याला चोर म्हणत होते आणि तू पदराचं टोक चावत होतीस. शेवटच्या आजारपणात मला विचारलंस, "विनीत खय आसता गो?" आणि मी म्हटलं, त्या चोराचं नाव काढू नकोस. तेव्हा तरी सांगायचंस गं. मी ओरडले असते, रडले असते, आणि गिरगावला गेले असते.

कलम ७. कलम ४ मी रद्द करते. वकीलबाई म्हणाल्या, ते पानच काढून टाकू. मी म्हटलं, नाही. त्यावर एक रेघ मारा, पण वाचता आलं पाहिजे. मी चारचौघांत बोलले होते, तेव्हा माझी चूकही चारचौघांना दिसू दे. विनीत परब चोर नव्हता. त्याने त्याच दिवशी खरं काय ते लिहून माझ्या घरी पाठवलं होतं, आणि त्याच टोपातल्या पाण्याने मी रोज अंघोळ केली. मला त्याची माफी मागायची आहे आणि ऑपरेशनच्या आधी मागायची आहे.

गुरुवारी, १३ तारखेला, गिरगावच्या त्याच्या दुकानाचा नंबर मिळवला आणि फोन लावला. 

"नाव घालून मिळेल का?"

"मिळेल. कशावर?"

"टोपावर. बुडाला एक ओळ आधीच आहे. तिच्याखाली."

तिकडे सुईचं मशीन चालू होतं, ते बंद झालं. 

मग म्हणाला, "घासलास का शेवटी?"

 मी नुसती रडले. त्याने फोन ठेवला नाही.

कलम ८. तो टोप, माझ्याकडच्या सगळ्यांत चांगल्या दहा कॅसेट आणि चालणारे दोन रिमोट श्री. विनीत परब यांना द्यावेत, असं मी शुक्रवारी लिहिलं.

आज रविवारी तो आला. केस गेलेत, चष्मा जाड झालाय, हात झटकायची सवय तशीच. बायकोने, कमलने, डब्यातून घावन दिलेले. म्हणाली म्हणे, "त्या टोपवालीला सांगा, बरी होऊन घरी ये." मी माफी मागितली. बसून नाही, उभी राहून, दाराचा पडदा बाजूला सारून, सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशी. दोन-तीन म्हातारी डोकी बाहेर आली. त्यांतली एक त्या दिवशीही होती.

विनीत म्हणाला, "मी ते गंमत म्हणून कोरलं होतं. काकी टोपावर नाव घालायला दुकानात आल्या तेव्हा हसत हसत सांगत होत्या ना. वाटलं, रात्री टोप उलटा करशील आणि हसशील." मग चष्मा पुसत राहिला. "नंतर वाटलं, तू वाचलंस आणि तरी आली नाहीस. तेच जास्त लागलं."

मी त्याला हे मृत्युपत्र वाचायला दिलं. कलम ४ पासून पुढे त्याने सावकाश वाचलं. साक्षीदार म्हणून दर्शना होती, दुसरा सौमित्रचा मित्र यायचा होता, तो आलाच नाही. विनीत म्हणाला, "मी करतो सही." वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला यात वाटा आहे. वाटा असलेल्याने साक्षीला बसू नये. एक काय ते ठरवा."

"मग वाटा खोडा," तो म्हणाला.

"अरे, दहा चांगल्या कॅसेट आहेत," मी म्हटलं. "आज बाजारात..."

"चंपा, त्या दिवशी माझ्या बाजूने बोलायला चाळीत एक माणूस नव्हता. मला साक्ष काय असते ते माहीत आहे. मी साक्षच देणार."

सबब हे कलम ८ माझ्या समोर, माझ्या संमतीने खोडले आहे. शेजारी माझी आद्याक्षरे आहेत. टोप माझ्याकडेच राहील. माझ्यानंतर सौमित्रने तो सांभाळावा आणि मोडीत घालू नये.

कलम ९. ती पिवळी कॅसेट आजपर्यंत सापडलेली नाही. कोणाला सापडली, पाठीवर 'चंपा' असेल, तर ती त्याचीच. एवढंच करावं: दोन रिमोट लावावेत, शेजारी कोणाला तरी बसवावं, सतरावा खेळ काढावा, आणि चौथ्या वळणानंतर आभाळ गुलाबी झालं की बटण दाबू नये. पाणी आपोआप वाहतं.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे. जाता जाता एक नोंद: सही करण्याआधी विनीतने पिशवीतून सुई काढली, टोप मांडीवर उलटा घेतला आणि मला विचारलं काय घालायचं. मी सांगितलं ते त्याने जुन्या ओळीखाली कोरलं आहे. 'पोचलं. १६-११-२५. चं.'

स्थळ: लालबाग, मुंबई
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, दुपारी चार

सही: चंपा सखाराम मुणगेकर

आमच्या समक्ष सही केली, आणि आम्ही तिच्या समक्ष:

साक्षीदार १: दर्शना महादेव तांडेल, शेजारीण, केणी चाळ, लालबाग.

साक्षीदार २: विनीत गणपत परब, भांड्यांवर नावे घालणे, गिरगाव. पूर्वी राहणार याच चाळीत, तळमजला.