‘बियाणं दुकान’ नावाने ठेवलेला नंबर

मी, गुणवंत दसरुजी नाकतोडे, वय अडुसष्ट, धंदा मोटार रिवाइंडिंग (आता बंद), राहणार स्टेशन रोड, नागभीड, जिल्हा चंद्रपूर, आज घरच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने, कोणी भरीस न घालता हा कागद लिहितो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्याच डॉक्टरांनी हृदयाच्या झडपेबद्दल दुसरा कागद दिला, तो टाचलेला नाही.

वकिलांनी तयार मसुदा दिला होता. त्यात ‘लिहून देणार हा स्वभावाने संशयी आहे’ असं घाला म्हटलं, तर ते म्हणाले, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात, स्वभाव नाही. पण माझ्या मालमत्तेची उलथापालथ माझ्या स्वभावानेच केली आहे. तेव्हा वकिलांना चहा पाजून पाठवलं आणि मीच लिहायला बसलो.

कलम १. दिनांक २० जून २०२३ रोजी केलेलं माझं मृत्युपत्र या कागदाने पूर्णपणे रद्द करतो. त्यात राहतं घर मी पुतण्या अजय याच्या नावे लिहिलं होतं. पत्नी रुखमाबाई हिला फक्त मागची खोली होती, तीही ‘वर्तणूक पाहून’. हे दोन शब्द माझेच होते, वकिलांचे नाहीत. अजयला ते कधी पटलं नव्हतं. तो तेव्हाच म्हणाला होता, “मोठेबाबा, मोठीआईले घरातून काहाडून मी त्या घरात झोपन कसा?” मी त्याला गप्प बसवलं होतं.

कलम २. स्टेशन रोडवरील राहतं घर, पुढची ओसरी, मागची खोली, विहीर आणि कवठाचं झाड यांसह, माझ्या स्वकष्टार्जित उत्पन्नातून १९९४ साली घेतलेलं, माझ्या पश्चात रुखमाबाईचं एकटीचं राहील. तिने ते विकावं, भाड्याने द्यावं, त्यात कोणाला बोलवावं, कोणाला नाही, यावर कोणतीही अट नाही. ‘कोणाला बोलवावं’ हे शब्द लिहिताना माझं पेन दोनदा थांबलं. तरी लिहिले आहेत.

कलम ३. आधीचं मृत्युपत्र का केलं आणि का मोडलं, याचा खुलासा.

रुखमाचं माहेर आरमोरीचं. मी तिला पाहायला गेलो त्याच्या आधी, त्याच हिवाळ्यात, वडशाचा वामनराव नावाचा माणूस तिला पाहून गेला होता. तो झाडीपट्टीच्या नाटक मंडळीत पेटी वाजवायचा. नाटकवाल्याला पोरगी देत नाही म्हणून माझ्या सासऱ्यांनी त्याला नकार कळवला आणि मोटारी भरणारा जावई पसंत केला. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटक होतं. पडद्याआडून पेटी सुरू झाली तशी रुखमा सहज म्हणाली, “वामन असन. हात गोड हाय त्याचा.”

एवढंच. पण चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात माझा हात गोड आहे असं ती कधी म्हणाली नाही. मी विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी जिवंत करत होतो, अर्ध्या तालुक्याचं धान माझ्या मोटारींवर पिकत होतं, आणि घरात कौतुक कोणाचं, तर पेटीवाल्याचं. त्या दिवसापासून नाटकाचं पत्रक दिसलं की मी आधी खाली छापलेली वादकांची नावं वाचायचो. वामनरावाचं नाव नसलं तर त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

हातात मोबाइल आल्यावर तर मला रान मोकळं मिळालं. एका पत्रकावर त्याचा नंबर छापला होता, तो मी माझ्या फोनमध्ये ‘बियाणं दुकान ब्रह्मपुरी’ या नावाने ठेवला. चोराच्या मनात चांदणं. लोक जिथे फोटो टाकतात, एकमेकांना शोधतात, त्या साइटवर मी त्याला रोज दुपारी शोधायचो. त्याचे केस किती पिकले, नवी पेटी घेतली का, सोबत उभी असलेली बाई त्याची बायको आहे की आणखी कोणी. असली पेटी त्याला परवडते कशी म्हणून पेटीची किंमतही शोधली. मी त्याला कधी एक शब्द लिहिला नाही. नुसतं पाहण्यात काय जातं, असं मला वाटायचं.

२०२२ च्या दिवाळीत मुलगी दिव्यानी हिने आईला फोन घेऊन दिला. दिव्यानी चंद्रपूरला कॉलेजात संगणक शिकवते. फोन सुरू करून देण्याचं काम मी हट्टाने स्वतःकडे घेतलं. आमच्याकडे घरात एक नंबर ‘मालकाचा’ असतो आणि सगळ्यांची कामं त्यावरच चालतात. गॅस, बँक, राशन, अजयच्या परीक्षेचे फॉर्म, रुखमाच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे कागद, सगळीकडे माझाच नंबर. त्याच रीतीने रुखमाचं त्या साइटवरचं खातंही मी माझ्या नंबरावर, माझ्या ईमेलवर उघडलं. बाईमाणसाला वेगळं कशाला, असं वरवर म्हणालो. खरं कारण असं, की ती कोणाशी बोलते ते मला माझ्या फोनवरून पाहता यावं. साइटने विचारलं, तुमच्या फोनमधले नंबर पाहू का? मी दोन्ही फोनवर ‘हो’ दाबलं.

पुढच्या मे महिन्यात दुपारी जेवणं झाल्यावर रुखमा फोन घेऊन माझ्याकडे आली. “अजी, पाहा ना, हा त वामन दिसते. ‘वळखीचे असू शकतात’ म्हनते. याले माहा पत्ता कोनं देला?”

ती हसत होती. मला त्या हसण्यातच सगळा पुरावा दिसला. मी म्हणालो, तू शोधलं असशील, म्हणून आला. ती म्हणाली, “मले त अजून नाव टाकता येत नाई.” मी फोन हिसकावून पाहिला, तर खाली पेट्यांच्या जाहिराती, त्याखाली वडशाच्या नाटकाची जाहिरात. आता आणखी काय हवं होतं? ज्या बाईने जन्मात पेटीला हात लावला नाही तिला पेटीची किंमत कोण कशाला दाखवील? त्या दिवशी मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. पुढच्या महिन्यात मृत्युपत्र केलं.

रुखमाने भांडण केलं नाही. फोन बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसला आणि म्हणाली, “तुमाले पाह्यचं असन तवा काहाडून पाहा.” दिव्यानीला आम्ही दोघांनी सांगितलं की फोन बिघडला.

या फोनवर ती रोज एकाच माणसाशी बोलायची, आरमोरीच्या तिच्या धाकट्या बहिणीशी, सरिताशी. समोरासमोर चेहरा दिसतो म्हणून दोघी खुशीत असायच्या. भाजी निवडता निवडता बोलायच्या. ते बंद झालं. आठ महिने बंद राहिलं. माझ्या नंबरावर सरिताचे फोन यायचे, तर मी “ती बाहेर गेली” म्हणायचो, कारण सरिता वामनरावाचा निरोप देईल असं मला वाटे. जानेवारी २०२४ मध्ये सरिताला अर्धांगवायूचा झटका आला. रुखमा पोचली तेव्हा सरिता डोळ्यांनी ओळखत होती, पण वाचा गेली होती. ती अजून आलेली नाही.

कलम ४. यंदाच्या दिवाळीत दिव्यानीने तांदूळ काढताना फोन पाहिला. चार्ज केला, तर तो ठणठणीत सुरू झाला. मग मला सगळं सांगावं लागलं. माझी बाजू भक्कम आहे अशा थाटात मी वामनरावाचा चेहरा, पेट्या आणि नाटक हे तीन पुरावे मांडले. तिने माझाही फोन मागितला. अर्धा तास दोन्ही फोन मांडीवर घेऊन बसली.

“बाबा,” ती म्हणाली, “आईनं काईच नाई केलं. हे तुमीच केलं.”

तिने सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. ‘बियाणं दुकान’ हे नाव माझ्यापुरतं होतं. साइटने नाव पाहिलं नाही, नंबर पाहिला. तोच नंबर वामनरावाच्या खात्यावर. म्हणजे मी त्याच्या ओळखीचा. त्यात मी रोज दुपारी त्याच्या दारात उभा. रुखमाचं खातं माझ्या नंबरावर, माझ्या ईमेलवर, त्याच घरातल्या वायफायवर. म्हणजे ती माझीच. माझ्या ओळखीचा तो तिच्याही ओळखीचा असेल, असा हिशेब तिकडच्या यंत्राने लावला. पेटीची किंमत मी शोधली आणि जाहिरात तिला दिसली, कारण त्यांच्या लेखी आम्ही एक घर होतो.

मी म्हणालो, मग तो नंबर आत्ता पुसतो. दिव्यानी म्हणाली, “पुसा. पन त्यायनं जे जोडलं ते तिकडं तसंच राह्यते, बाबा. आता तुमी रोज पाहत होते हेही त्यायले माहीत हाय.” माझ्या बायकोला जे माहीत नव्हतं ते कोणा कंपनीला तीन वर्षं माहीत होतं, याची मला फार लाज वाटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याच वेळी तिने माझ्या खात्यातला एक कोपरा उघडला, अनोळखी माणसांचे निरोप जिथे जाऊन पडतात तो. त्यात वामनरावाचा निरोप होता. रुखमाला नव्हे, मला. “भाऊ नमस्कार. तुमचा फोटो मले रोज दिसून राह्यला. आपली वळख कोठची? नाटक ठरवाचं असन त गाव सांगा, तारीख पाहून सांगतो.”

मी त्याला फोन केला. आरमोरीला अमुक घरी मुलगी पाहायला गेला होतात ना, असं विचारलं. तो खो खो हसला. “त्या साली सतरा पोरी पाह्यल्या भाऊ, कोनती म्हनता?”

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला राग आला. रुखमाला विसरतो म्हणजे काय? मी पाहायला गेलो तेव्हा तिने कोणतं लुगडं नेसलं होतं ते मी आजही सांगू शकतो. मी फोन आपटला. फोनचा हा मजकूर रुखमाला वाचून दाखवलेला नाही. ती वाचेल तेव्हा मी नसेन, तेव्हा खुशाल रागवावं.

कलम ५. आधीच्या मृत्युपत्रात ‘वामनराव यांनी माझ्या मयतीस येऊ नये’ असं होतं. ती अट काढतो. यावं. पेटी आणू नये.

कलम ६. दुकानाचा गाळा, वाइंडिंगचं मशीन, वाइंडिंग तपासायचा मेगर, पक्कडी आणि उरलेली तांब्याची तार अजयला. त्याने माझ्या नंबरावर आता स्वतःचं एकही काम ठेवू नये, माझी खूण म्हणूनसुद्धा नाही.

कलम ७. बँकेतील आणि पोस्टातील ठेवी रुखमाबाई आणि दिव्यानी यांना निम्म्या निम्म्या. तळोधीचं धानाचं शेत दिव्यानीला. मी गेल्यावर माझी सगळी खाती तिने बंद करावीत आणि कोणाकोणाला माझा नंबर दिला होता तिथे तिथे तो काढण्याचा अर्ज द्यावा. सगळीकडून निघणार नाही हे तिने मला सांगितलं आहे. निघेल तिथून काढावा.

कलम ८. माझी सायकल शेजारचे टायरवाले फारूकभाई यांना हवी होती. पण त्यांना साक्षीदार केलं, आणि साक्षीदाराला दिलेलं दान वादात सापडतं. म्हणून सायकलही अजयला. फारूकभाईंना हे माहीत असून ते सहीला तयार झाले, यावरून माणूस कळतो.

मात्र सहजासहजी झाले नाहीत. हे सारं त्यांना वाचून दाखवलं, तर त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, “गुनवंतभाऊ, हे भाभीले मेल्यावर काऊन सांगता? जित्तेपनी सांगा. मंग मी सही मारतो.”

कलम ९. त्यानुसार काल दुपारी रुखमाला समोर बसवून याचा कच्चा कागद वाचला. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. नंबराचं, ‘हो’ दाबल्याचं, सरिताच्या फोनचं, वामनरावाशी फोनवर झालेलं बोलणं सोडून सगळं वाचलं. माफी असा शब्दही वाचला, तो आधीच्या कच्च्या कागदात होता. तिने हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, “वामनले मी कवाच इसरली होती. तुमीच त्याले चव्वेचाळीस वर्सं घरात ठेवलं.” म्हणजे तो विसरला, ती विसरली, आणि आठवण ठेवणारा मी एकटा निघालो.

घराबद्दल ती काही म्हणाली नाही. सरिताबद्दल एवढंच म्हणाली, “तिच्या मनात असनच, का बाईनं माहा फोन काऊन नाई उचलला. आता ती इचारू बी शकत नाई.” मी कच्च्या कागदातला माफीचा शब्द खोडला, कारण त्याने हे भरून निघत नाही.

कलम १०. रुखमाचा फोन या यादीत नाही, कारण तो माझा नाही. आज सकाळी दिव्यानीने आईला तिच्या स्वतःच्या नावावर, तिच्या स्वतःच्या आधार कार्डावर नवा नंबर घेऊन दिला. फोनला कुलूप रुखमाने स्वतः घातलं. आकडे दाबताना तिने माझ्याकडे पाठ केली होती. मी विचारले नाहीत.

आताच, हे लिहीत असताना, मागच्या खोलीतून तिचा आवाज येतो आहे. काहीतरी सांगते, थांबते, हसते, पुन्हा सांगते. पलीकडून कोणाचाच आवाज येत नाही, तेव्हा सरिताच असेल. तरी मी उठून दारापर्यंत गेलो. मग परत येऊन इथे सही केली.

(सही) गुणवंत दसरुजी नाकतोडे

आम्हा दोघांसमक्ष लिहून देणाऱ्यांनी सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही केली. दाराकडे जाताना आम्ही त्यांना पाहिलं, अडवलं नाही.

साक्षीदार १. (सही) फारूक शेख, टायर दुकान, स्टेशन रोड, नागभीड
साक्षीदार २. (सही) गुलाब मांढरे, निवृत्त पोस्टमन, नागभीड

ठिकाण: नागभीड
दिनांक: ९ डिसेंबर २०२५, मंगळवार, दुपार