छापून आलेला भोपळा

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग खरोखरच घातला असता, पण सध्या वाकलो की सरळ होता येत नाही आणि सरळ झालो की वाकता येत नाही. कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? मागच्या खेपेला तुमच्या म्हशीने मला जी लाथ मारली, त्याबद्दल माझ्या मनात आता काही नाही, असं तिला कळवावं. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. म्हणजे आई माझ्याशी बोलत नाही, बाबा फक्त आईशी बोलतात, आणि काका माझ्याशी बोलतात, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तुमच्या कानावर काहीबाही आलंच असेल. आईचा फोन झाला असणार, आणि आई एकदा सांगायला बसली की मुंगीचा हत्ती होतो आणि तो हत्ती मीच असतो. म्हणून खरं काय ते मी लिहितो. आधी कॉलेजचं. मी ते अर्धवट सोडलं असं ती सगळ्यांना सांगत फिरते. साफ चूक. मी ते पूर्णपणे सोडलं. अर्धवट कॉलेज होतं. हिशेब शिकवणाऱ्या सरांनी भर वर्गात मला ‘मागच्या बाकावरचं फर्निचर’ म्हटलं. मी उठलो आणि फर्निचर हलवतात तसा बाक उचलून बाहेर आलो. (बाक परत केला आहे. मी नाही केला.) तेव्हापासून काकांच्या छापखान्यात आहे.

काकांचं साप्ताहिक तुम्ही पाहिलंच आहे, मामी त्यात लसूण बांधून नेतात. चार पानं. कोणाकडे कोण पाहुणे आले, कोणाची शेळी हरवली, नळाला पाणी कधी येणार, थंडीने कोणाची वांगी जळाली. यातलं सगळं गावाला आधीच ठाऊक असतं. तरीही शनिवारी सकाळी लोक ओट्यावर बसून अंक वाचतात, कारण आमच्याकडे गोष्ट घडली की ती नुसती घडते; छापून आली की खरी होते. मागे एकदा चुकून ‘नळाला मंगळवारी पाणी येईल’ असं छापलं गेलं. पाणी सोमवारीच आलं, तर बायकांनी नळ बंद केले आणि मंगळवारची वाट पाहिली.

शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात आठवड्याचं हवामान असतं. ते आकडे शाळेतल्या विज्ञानाच्या बाई दर बुधवारी आणून देतात. (‘बाई’ म्हणजे वयाने नव्हे हो मामा, हुद्द्याने. वयाने माझ्याहून जरा लहानच.) प्रेमाबिमाचा विषय मी कायमचा बंद केला आहे, हे इथेच स्पष्ट करतो. तिचा उल्लेख केवळ घटनांचा दुवा म्हणून येतो आहे. ती आली की टेबलावर कागद ठेवायची, ‘या आठवड्यात गारठा वाढलाय’ म्हणायची आणि निघून जायची. यात काय आहे? काही नाही. पण ते वाक्य ती ज्या आवाजात म्हणायची, त्या आवाजात आमच्या घरी कोणी ‘जेवायला चल’सुद्धा म्हणत नाही. असो. विषय बंद आहे.

तिचे वडील घड्याळवाले. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे; डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि स्वभाव असा की मिनिटभर उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी वेळ सांगतात, मग नमस्कार करतात. त्यांना एकच नाद, परसातला भाजीचा मळा. यंदा त्यांनी लाल भोपळा असा काही वाढवला होता की लोक सकाळी फिरायला निघाले की आधी त्याला बघून जायचे.

आता गावचं भाजी-फुलांचं प्रदर्शन. थंडी सरता सरता एका शनिवारी दुपारी शाळेच्या पटांगणात भरतं. पण अंक निघतो शनिवारी सकाळी. म्हणजे प्रदर्शनाची बातमी पुढच्या अंकात द्यायची तर तोवर ती भाजीसारखीच शिळी होणार. यावर काकांनी फार पूर्वी तोडगा काढला आहे: बातमी गुरुवारीच लिहायची, झाल्यासारखी. ‘प्रदर्शन उत्साहात पार पडले. ऊन कोवळे होते. अध्यक्षांनी विचार मांडले.’ दरवर्षी तेच होतं, म्हणून दरवर्षी तेच छापतात, आणि विजेत्यांची नावं तेवढी गाळतात. यंदा गुरुवारी काकांची दाढ काढली. गाल धरून ते खुणेने म्हणाले, तू लिही. (खूण वेगळीही असू शकेल. मला तशी वाटली.)

मामा, मी मनापासून लिहिलं. ज्या बातमीत जिंकलेल्याचं नाव नाही ती बातमी कसली? आणि भोपळ्यात पहिला कोण येणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. मी लिहिलं, ‘भोपळ्याचा प्रथम क्रमांक अपेक्षेप्रमाणे आपल्या घड्याळवाल्यांनी पटकावला. त्यांच्या विज्ञाननिष्ठ कन्येच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे हास्य उमटले त्यापुढे प्रदर्शनातील समस्त फुले फिकी पडली.’ अध्यक्ष, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, दरवर्षी दिवेलागणीपर्यंत बोलतात. त्यांच्याबद्दल लिहिलं, ‘मोजकेच पण मौलिक विचार मांडले.’ आणि जागा उरली म्हणून महिला मंडळाच्या गाण्याला ‘वन्स मोअर’ देऊन टाकला.

शुक्रवारी दुपारपर्यंत अंक छापून झाले. आणि शुक्रवारी संध्याकाळी घड्याळवाल्यांनी भोपळा हातगाडीवर चढवायला घेतला, तो निसटला, मागच्या दाराच्या पायऱ्यांवरून गडगडत गेला आणि विहिरीच्या कठड्यावर आपटून त्याच्या ठिकऱ्या झाल्या. मला याचा पत्ता नाही. मी घरी नवीन शर्टाला इस्त्री करत होतो.

शनिवारी दुपारी पटांगणात पाहतो तो काय, घड्याळवाल्यांच्या नावाची पाटी जागेवर आणि तिच्यामागे टेबल रिकामं. शेजारी सलूनवाला आपला भोपळा घेऊन बसलेला. तो भोपळाही काही लहान नव्हता. पण गावाने सकाळीच अंक वाचला होता. आभाळ भरून आलं होतं, वारा सुटला होता, आणि लोक अंगावर शाली ओढून एकमेकांना सांगत होते, ‘काय कोवळं ऊन पडलंय!’ महिला मंडळाचं गाणं संपलं तेव्हा कोणी टाळीही वाजवली नव्हती. तरी त्या थांबल्या नाहीत, लगेच तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या. पोस्टमास्तर उभे राहिले, खिशातून भाषणाची जाडजूड गुंडाळी काढली, दुसऱ्या खिशातून अंक काढून वाचला, गुंडाळीकडे फार दुःखाने पाहिलं, आणि दोन वाक्यं बोलून बसले. (यासाठी गावाने माझा सत्कार करायला हवा होता. कृतज्ञता उरली नाही.)

मग परीक्षक, म्हणजे गुरांचे डॉक्टर, भोपळ्यांच्या रांगेकडे आले. रिकाम्या टेबलापुढे थांबले, मान डोलावली आणि घड्याळवाल्यांचं नाव पुकारलं. सलूनवाला उसळला.

‘डॉक्टर, माझा भोपळा दिसत नाही का?’

‘दिसतोय की. दुसरा आहे.’

‘मग पहिला कुठाय?’

‘तो छापून आलाय.’

घड्याळवाले आपली पाटी परत न्यायला तेवढे आले होते. अंक ते रविवारी वाचतात, त्यामुळे त्यांना कशाचा कशाला मेळ लागेना. कोणीतरी हातात चषक दिला, कोणीतरी अंक दिला. त्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि पूर्ण बातमी उभ्या उभ्या वाचली. मग चषक सलूनवाल्याच्या भोपळ्यापुढे ठेवला आणि चालू लागले. सलूनवाला ओरडला, ‘मला उष्टा मान नको!’ आणि तोही भोपळा घेऊन निघाला. चषक सध्या गुरांच्या डॉक्टरांकडे आहे. त्यात ते इंजेक्शनच्या सुया ठेवतात. आणि तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी हास्य वगैरे काहीही उमटलं नाही, एवढंच लिहितो.

तासाभरात घड्याळवाले छापखान्यात हजर. ती दारात उभी. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं, ओरडण्याला ओरडून उत्तर देता येतं. ते हळू बोलले. ‘मागे पडलेलं घड्याळ मी पुढे करतो, पुढे गेलेलं मागे आणतो. तू अख्खं गाव पुढे नेऊन ठेवलंस, त्याचा कुठला काटा फिरवू? लोक माझ्या दुकानातली वेळ बघून आपली घड्याळं लावतात रे. आता म्हणतील, हा नसलेल्या भोपळ्याचं बक्षीस घेतो.’ काका सुजल्या गालाने म्हणाले, खुलासा छापतो. तर म्हणाले, ‘खुलाशाने भोपळा येत नाही.’ आणि ती दारातून एवढंच म्हणाली, ‘तुम्हाला सांगितलं होतं कुणी?’

मामा, माझं डोकं फिरलं. मी टेबलावर मूठ आपटली (शाईची बाटली लवंडली, काकांच्या धोतराचं वाईट वाटतं) आणि म्हणालो, ‘बातमी खोटी नाही, फक्त लवकर आली आहे! पुढच्या प्रदर्शनात तुमच्याच परसात, माझ्या हाताने, याच्याहून मोठा भोपळा आणून दाखवतो, नाहीतर गाव सोडतो!’ मला वाटलं, आता ‘जाऊ दे बाळ’ वगैरे म्हणतील. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ‘उद्या उजाडताच ये. फावडं मी देतो.’

तेव्हापासून रोज पहाटे त्यांच्या परसात खणतो आहे. कंबर गेली ती त्यातच. शेणखताची पाटी डोक्यावरून वाहतो, आणि ज्या रस्त्याने मी एकेकाळी केस वळवून जायचो त्याच रस्त्याने आता माशा घेऊन जातो. घड्याळवाले खिडकीतून फक्त ‘उशीर’ किंवा ‘खोल’ म्हणतात. ती हवामानाचे आकडे शाळेच्या शिपायाबरोबर पाठवते. रागाच्या भरात मी एकदा ते टाकून देऊन मनानेच हवामान छापलं, ‘संपूर्ण आठवडा उदास व निरर्थक’, तर काकांनी मला गुदामात कोंडलं. बी पेरलं, रोज दोनदा बादल्या भरभरून पाणी घालतो, पण वाफा नुसता काळा ठिक्कर. कोंब म्हणून नाही. तरी मला कसलंही दुःख नाही. पुरुषाने श्रमावर प्रेम करावं, माणसांवर नव्हे, या निष्कर्षाला मी आलो आहे. मामींना नमस्कार, म्हशीला काही नाही.

आपला आज्ञाधारक (आई उलट सांगेल),
भाचा

ता. क. हे पत्र आईला दाखवू नये. गाव सोडण्याच्या प्रतिज्ञेबद्दल तिला माहीत नाही. कळलं तर ती माझं सामान बांधून ठेवेल.

ता. क. २. मुख्य गोष्ट राहिलीच. तुमच्या शेतावर होतात त्या राक्षसी भोपळ्यांचं बी, मूठभर, साध्या पाकिटातून, वर ‘औषध’ लिहून ताबडतोब पाठवावं. हे बी उगवलं नाही तर मी त्या परसातून जन्माचा उठलो. मला परसाची फिकीर नाही. पण त्या परसातून स्वयंपाकघराची खिडकी दिसते.

ता. क. ३. मामा, नमस्कार. हे अक्षर वेगळं आहे कारण मी वेगळी आहे. पत्र खताच्या पाटीखाली सापडलं, पाकीट उघडं होतं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मी मुलांना शिकवते, वाचलं. शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या आहेत, ‘मौलिक’ तेवढा बरोबर होता. त्यांनी पेरलेलं बी बादल्यांनी कुजलं. मी दुसऱ्या बाजूच्या वाफ्यात नवं लावलं, त्याला आता चांगली पानं आली आहेत. तुमचे भाचे रोज त्याच्या शेजारून जातात. त्यांना ते दिसत नाही, कारण ते खिडकीकडे बघत चालतात. बी पाठवू नका. तुम्हीच या. बाबा म्हणतात, पोरगा तापट आहे पण खणतो सरळ; त्यांच्या तोंडून याहून जास्त कोणाबद्दल मी ऐकलेलं नाही. पण पुढचं बोलायला मोठं माणूस लागतं, आणि तुमच्या भाच्यांना स्वतःला बोलू दिलं तर ते पुन्हा मूठ आपटतील. रविवारी या, जेवणाआधी. मी घरीच आहे.