स्टेशनपासून दहा मिनिटं

रविवार, १७ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. तुमच्याकडे सगळं ठीक असेल असं धरून चालते, कारण विचारायला मला तोंड उरलेलं नाही. सहा वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस. कोणाला काही झालेलं नाही. बातमी चांगली आहे. आम्ही घर घेतोय.

आम्ही म्हणजे मी आणि तुझे मेहुणे. लग्नाचं तुला कुणाकडून तरी कळलं असेलच. हे शाळेत चित्रकला शिकवतात, हळू चालतात, हळू बोलतात आणि आठवड्यातून दोनदा डबा शाळेतच विसरून येतात. तुझं त्यांच्याशी छान जमलं असतं. मी अजून त्याच लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवते. समोर प्लास्टरचे जबडे मांडलेले, त्यांत मेणाने एकेक दात बसवायचा. दिवसभर सगळे आ वासून माझ्याकडे बघत असतात आणि एकही बोलत नाही. असे सहकारी मिळायला नशीब लागतं.

शहरात आमच्या आवाक्यातलं घर म्हणजे दार असलेलं कपाट. म्हणून बाहेरची गावं बघतोय, रेल्वेच्या लाइनवर एकापुढे एक असतात तशी, जिथली माणसं सकाळी शहरात जातात आणि संध्याकाळी झोपायला परत येतात. तीन महिने हेच चाललंय. इतकी गावं झाली की आता ती डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. एका गावाचा पूल दुसऱ्याच गावाच्या नदीवर येतो. परवा झोपेत मी एका घराचं दार उघडलं तर आत प्लॅटफॉर्म होता, स्वच्छ धुतलेला, आणि आई बाकावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती. मला म्हणाली, "चप्पल बाहेर काढ."

माझी घर बघायची पद्धत ऐकून तुला नवल वाटणार नाही. मी घर नंतर बघते, आधी रस्ता. रजा टाकायची, कामाच्या दिवशी संध्याकाळी परतणाऱ्या माणसांच्याच गाडीत बसायचं, त्यांच्याबरोबर उतरायचं आणि प्लॅटफॉर्मवरचं घड्याळ बघून चालायला लागायचं. दारात पोचलं की पुन्हा घड्याळ बघायचं. रोजचं जाणंयेणं करायचं तर पाच मिनिटंही खूप असतात. एजंट काहीही सांगो. आमच्या एजंटच्या जगात सगळंच स्टेशनपासून दहा मिनिटांवर असतं, चंद्रसुद्धा.

गाडीतली ती माणसं मला फार आवडायला लागली आहेत. खिडकीला डोकं टेकून झोपतात आणि आपलं स्टेशन यायच्या बरोबर आधी डोळे उघडतात. कोणी उठवत नाही. एक बाई तर डोळे मिटलेलेच ठेवून दारापर्यंत चालत गेली. मीही झोपायला शिकले, पण जाग मात्र भलत्याच ठिकाणी येते. दोनदा पुढच्या स्टेशनला उतरलो. हे खूश झाले, त्यांना आणखी एक गाव बघायला मिळालं.

सगळी सांगत बसत नाही, तीनच सांगते. पहिल्या गावात घर स्टेशनला इतकं चिकटून होतं की झोपायच्या खोलीत गाड्यांच्या घोषणा ऐकू यायच्या. मला पसंत होतं. हे म्हणाले, "इथे मला स्वप्नातसुद्धा गाडी चुकेल." विषय संपला.

दुसरं टेकडीवरचं. आमच्याबरोबर उतरलेली माणसं एकेक करून धुक्यात शिरत गेली आणि शेवटी आम्ही दोघंच उरलो. एक कुत्रा पुढे चालत होता. वळणावर थांबून आम्ही येतोय ना ते बघायचा. रस्ता संपेचना, आणि खरं सांगू, संपू नये असंच वाटत होतं. घरही सुंदर होतं, भिंतींना नुसता लाकडाचा वास. खिडकीतून खाली दिव्यांची एक ओळ सरकताना दिसली. मी म्हटलं, किती छान. ती आमची परतीची गाडी होती, आम्हाला न घेता निघालेली. स्टेशनपासून सदतीस मिनिटं लागली होती.

तिसरं गाव मंगळवारी बघितलं.

इथे थांबते. तिसऱ्या गावाचं लिहायचं तर आणखी एक गोष्ट लिहावी लागेल, आणि ती लिहायला हात उचलत नाहीये.


बुधवार, लॅबमध्ये, जेवणाच्या सुट्टीत

तीन दिवस हे पत्र पर्समध्ये घेऊन फिरतेय. आज वर मेणाचा डागही पडला. तू मला गडबडी म्हणायचास, आठवतं? म्हणजे बघ, गडबडीला एक पत्र टाकायला तीन दिवस लागले.

तर तिसरं गाव. स्टेशनच्या बाहेर पाण्याची उंच टाकी आहे, तिच्या दिशेने सरळ जायचं. दोन्हीकडे बुटक्या भिंती, वर वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान. संध्याकाळचा उजेड असा होता की सगळं गाव पाण्याच्या तळाशी असल्यासारखं दिसत होतं. गाडीतून उतरलेले लोक बोलत नव्हते, फक्त पावलांचा आवाज. मी एजंटच्या बरोबरीने पुढे. हे मागे कुठल्या तरी फाटकाचं चित्र काढत रेंगाळले होते, आणि माझी पर्स, मोबाइल, सगळं त्यांच्याकडे.

सहा वाजून दहा मिनिटांनी प्लॅटफॉर्म सोडला होता. घरमालकीणबाईंनी दार उघडलं. शिवणकाम शिकवायच्या त्या, गळ्यात मापाची पट्टी अजून असते. समोरच स्वयंपाकघर, खिडकीच्या वर घड्याळ. सहा पस्तीस.

"पंचवीस मिनिटं," मी एजंटला म्हटलं.

"बाई, दहाच लागली. तुम्ही माझ्याबरोबरच चाललात ना?"

"मला वजाबाकी येते," मी म्हटलं. माझा तो आवाज तुला ठाऊक आहे.

बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, "अहो, ते घड्याळ पंधरा मिनिटं पुढे आहे. माझ्या मुलाची सकाळची गाडी सारखी चुकायची, म्हणून मीच काटा सरकवला. तो गेला दूरदेशी. पण मागे करायला हात होत नाही."

दादा, मी तिथेच त्यांच्या शिलाई मशीनच्या स्टुलावर बसले. बाईंनी पाणी आणलं. एजंटला वाटलं घर पसंत पडलं. एवढ्यात हे आले, माझ्याकडे बघितलं आणि शेजारी जमिनीवर बसले.

आता ते लिहितेच.

आपल्या घरातलं स्वयंपाकघरातलं घड्याळ बारा मिनिटं पुढे होतं. तुला हे माहीत नाही. तू नोकरीसाठी घर सोडलंस तेव्हा ते बरोबर होतं. मला लॅब लागली, मी रोजची सातची गाडी पकडायला लागले, पहिल्याच महिन्यात चारदा चुकवली. मग एके दिवशी आई खुर्चीवर चढली आणि काटा पुढे केला. तू वर्षातून दोनदा यायचास, तू कशाला ते घड्याळ ताडून बघशील? आईला माहीत होतं आणि मला. मी रोज चप्पल घालता घालता ती बारा मिनिटं वजा करायचे, करतेय हे कळायचंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी वजा करायचं राहिलं.

आई गेली तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं. सहा वाजून एक मिनिट. डॉक्टरांनी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. कागदावर आलं म्हणजे झालंच की पक्कं. तुझी गाडी पाच पन्नासची. तू आत आलास तेव्हा घड्याळात सहा वाजून आठ. पाच मिनिटांच्या रस्त्याला अठरा मिनिटं. आणि तुझ्या शर्टाला सिगरेटचा वास. मी सगळ्या नातेवाइकांसमोर तुला विचारलं, "कुठे होतास? कोपऱ्यावर उभा राहून धीर गोळा करत होतास? ती तुझी वाट बघत गेली." तू एवढंच म्हणालास, "मी सरळच आलो गं." मी म्हटलं, खोटारडा आहेस. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर जाऊन विचारूनही आले, गाडी वेळेवर होती का म्हणून. वेळेवर होती. मग तर माझी खात्रीच पटली. त्या खात्रीवर मी तुझे फोन घेतले नाहीत, तुला लग्नाला बोलावलं नाही, सहा वर्षं काढली.

सहा वाजून एक मिनिट, त्यातून बारा वजा. पाच एकोणपन्नास. तुझी गाडी फलाटाला लागायच्या एक मिनिट आधी आई गेली. तू धावत आला असतास, उडत आला असतास, तरी काही झालं नसतं. आणि तू खरोखर सरळच आलास. सहा मिनिटांत.

मला एवढ्यावर थांबता आलं असतं. पण आणखी दोन गोष्टी आहेत, त्या मी कुणालाच सांगितल्या नव्हत्या, ह्यांनाही त्या मंगळवारी परतीच्या गाडीतच पहिल्यांदा सांगितल्या.

एक म्हणजे, मला तुझी गाडी ऐकू आली होती. आईचा हात माझ्या हातात होता, त्यातलं काहीतरी नुकतंच निघून गेलं होतं, आणि खिडकीतून गाडी थांबल्याचा तो लांबलचक आवाज आला. मी तो ऐकला आणि पार विसरून गेले. स्वप्नातली गोष्ट सकाळी विसरावी तसा. तू तेव्हा डब्यातून उतरत होतास.

दुसरं आईचं. शेवटच्या तासाभरात ती सारखी घड्याळाकडे बघत होती. त्या घड्याळात पाच पंचावन्न झाले, मी चिडून म्हटलं, "एव्हाना यायला हवा होता हा." आई म्हणाली, "अजून वेळ आहे त्याला. गाडी यायचीय." मला वाटलं तिला भ्रम झालाय. आजारपणात माणसाला वेळेचं भान राहत नाही म्हणतात ना. अरे, त्या खोलीत वेळेचं भान फक्त तिलाच होतं. ती वजाबाकी करत होती. जाता जाताही करत होती. तिच्या लेखी तुला उशीर झालाच नव्हता, तू वेळेवर येत होतास. ती शांत होती, दादा. तुझी वाट बघत तळमळत गेली हे मी सगळ्यांना सांगितलं ते खोटं होतं. खोटारडी मी आहे.

हे तुला त्याच मंगळवारी फोन करून सांगायला हवं होतं. नंबर लावला, तुझा आवाज आला, मी ठेवून दिला. तो अनोळखी नंबरचा फोन माझा होता.

घर आम्ही घेतोय ते तिसऱ्या गावातलंच. खाली दोन खोल्या, वर एक छोटी, तिच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसते आणि मागे रूळ. ह्यांना वाटतंय ती चित्रांसाठी आहे. मी अजून काही बोलले नाही. गावांची नावं मी मुद्दाम लिहिली नाहीत, सगळी तुझ्याच लाइनवरची आहेत. दुसऱ्या लाइनवर जवळची घरं होती, एजंट कानीकपाळी ओरडत होता. मी नाना कारणं काढून नको म्हणत राहिले. कुणाला कळू न देता, स्वतःलाही कळू न देता, मी एकेक स्टेशन तुझ्याकडे सरकत होते. आता आपल्यामध्ये सात स्टेशनं उरली आहेत.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी राहायला जातोय. आईचं घड्याळ टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलंय. चालू आहे, अजून बारा मिनिटं पुढे. मी ते भिंतीवर लावणार नाही आणि काट्यालाही हात लावणार नाही. ते तू लाव. बरोबर करायचं की आईने ठेवलं तसंच ठेवायचं, तू ठरव.

स्टेशनचं नाव आणि पत्ता पाकिटामागे लिहिलाय. त्या रविवारी तुझ्याकडून दुपारची एक गाडी तीन चाळीसला आमच्याकडे येते. मी स्टेशनवर येणार नाही, तिथे मला रडू आवरणार नाही आणि तू कावराबावरा होशील. टाकीच्या दिशेने सरळ ये, सायकलच्या दुकानापाशी डावीकडे वळ. एजंट दहा मिनिटं म्हणतो, आणि ह्या वेळी तो खरं बोलतोय. तुला कितीही लागू देत. कोपऱ्यावर थांब, सिगरेट ओढ, मनात आलं तर परत फिर आणि पुढच्या रविवारी ये. दार उघडं असेल, आणि तू आत आलास की मी घड्याळाकडे बघणार नाही.

चुकले रे दादा.

तुझी,
गडबडी