खड्डा बुजवू नये

लिहून देणार: गुलाबराव काशिराम वानखडे, वय ५४, धंदा पाण्याच्या मोटारी रिवाइंड करणे, शिक्षण आठवी नापास आणि त्यापुढचे सगळे स्वतःचे स्वतः, राहणार मौजे धामणखेड, तालुका मेहकर, जिल्हा बुलडाणा.

पुढच्या आठवड्यात अकोल्याला माझी छाती उघडून हृदयाचे काम करायचे आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. जळालेल्या मोटारीच्या मालकाला मीही हेच सांगतो, म्हणून हे मृत्युपत्र आजच करून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. माझी पत्नी सौ. संजीवनी हिचे मत वेगळे आहे, पण ती साक्षीदार नाही. धमकावून किंवा गोड बोलून कोणी हे लिहवून घेतलेले नाही. गोड बोलायला इतक्यात कोणी आलेलेच नाही. वकील लावलेला नाही. दोघांना विचारले, दोघांनीही "खड्डा" हा शब्द काढा असे सांगितले. तो काढला तर या कागदात राहते काय?

कलम १. राहते घर आणि बँकेतील शिल्लक संजीवनीची. आकडा लिहीत नाही. तो वाचून नातेवाईक जमू नयेत, किंवा हसू नयेत. घरात तिने तिच्या बहिणीला आणून ठेवले तरी चालेल. मी नसल्यावर बहिणीबद्दल माझी तक्रार नाही.

कलम २. दुकान, वाइंडिंग मशीन, मीटर, पान्यांचा संच मुलगी समीक्षा हिचा. तिने डिप्लोमा केला आहे. तारेची जाडी ती मोजून सांगते, मी बोटाने सांगतो; उत्तर एकच येते, म्हणून भांडण नाही. निळ्या मुठीचा पेचकस कोणालाही उसना देऊ नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

कलम ३. माझी मोटारसायकल धाकटा भाऊ चंद्रशेखर याची. ती तशीही त्याच्याचकडे असते. टाकी रिकामी झाली की माझ्याकडे येते. शिवाय अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप त्याला देत आहे. त्या पंपाने त्याने दर पावसाळ्यात कलम ४ मधील खड्ड्यातले पाणी उपसावे. उपसले नाही तर पंप समीक्षाने परत घ्यावा, मोटारसायकलसह.

कलम ४. आता खड्डा.

दुकानासमोर, रस्त्याला लागून, ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्याप्रमाणे माझ्या नावावर जागेची एक पट्टी आहे. तिथे माझ्या आजोबांनी पाणपोई बांधली होती. तिचा एक दगडी खांब शिल्लक आहे. खांबाला रस्त्याच्या बाजूने अंगठा जाईल एवढे भोक आहे. ते पोलिसांच्या गोळीचे. यावर गावात कधीच दुमत नव्हते. बाकी सगळ्यावर आहे.

१९८१ साली गावाने एस.टी.च्या थांब्यासाठी रस्ता अडवला. बाहेरगावाहून पोलिसांची तुकडी आली, एकच गोळी चालली, ती माणिक खिल्लारे या तरुणाच्या छातीतून पार होऊन मागच्या खांबात गेली आणि तो मेला. तेव्हा त्याची मुलगी कोकिळा पाळण्यात होती. आज गावात कोणालाही विचारा, तो म्हणेल मी तिथे होतो. एवढी माणसे खरोखर असती तर पोलिसांना उभे राहायला जागा मिळाली नसती. मी नव्हतो. मी सुलतानपूरला मामाकडे गोवर घेऊन पडलो होतो. म्हणून या प्रकरणात डोके शांत ठेवणारा मीच एक, असे माझे प्रामाणिक मत आहे.

उपयोगाचे साक्षीदार दोन. दोघेही खोटारडे नाहीत, हीच पंचाईत आहे.

भागवत सोळंके, तेव्हा पोलीस शिपाई, नंतर हवालदार, आता निवृत्त आणि याच गावचा जावई म्हणून इथेच स्थायिक. त्यांनी स्वतः गोळी झाडली नाही, ते मागच्या रांगेत होते. त्यांचा जबाब असा: हुकूम कमरेखाली मारायचा होता, तशीच मारली, पण माणिक दगड उचलायला वाकला म्हणून छातीत लागली. चौकशीत हेच ग्राह्य धरले. गावानेही हळूहळू धरले, कारण खांबाचे भोक गुडघ्याइतक्या उंचीवर आहे. ज्याला शंका येई त्याला खांबाजवळ नेत आणि गुडघा लावून दाखवत.

बनाबाई जुमडे, तेव्हा तिथे भाजीची पाटी घेऊन बसलेल्या. त्या म्हणतात, माणिक पाणी पिऊन सरळ उभा होता, हातात काही नव्हते.

आता दोघांना तासून पाहू. बनाबाई म्हणतात एकही दगड फेकला गेला नाही. चूक. एस.टी.ची काच फुटली होती आणि काच कंटाळून फुटत नाही. इथे हवालदार बरोबर. बनाबाई म्हणतात माणिकच्या अंगात लाल सदरा होता. पंचनाम्यात पांढरी बंडी आहे. बंडी नंतर लाल झाली आणि तीच त्यांच्या ध्यानात राहिली असावी. हा माझा अंदाज, पुरावा म्हणून धरू नये. या दोन चुकांपायी गावाने त्यांचे सगळेच म्हणणे मोडीत काढले आणि "बनाबाईचा लाल सदरा" म्हणून पोरेसोरेही हसत आली.

कोकिळाला शाळेत "दगडफेक्याची पोरगी" म्हणत. आज ती एस.टी.त कंडक्टर आहे. थांबा मिळाला, गाडी मात्र तिची ड्युटी असेल तेव्हाच थांबते. थांब्याच्या शेडवर आंदोलनाच्या पुढाऱ्यांची नावे रंगवली आहेत, त्यातले दोघे त्या दिवशी डोणगावच्या बाजारात होते. माणिकचे नाव नाही. कोकिळाने अर्ज केला तेव्हा सरपंच म्हणाले, "दगड मारणाऱ्याचं नाव सरकारी शेडवर कसं लिहू बाई? पुरावा आण."

गेल्या पावसाळ्यात दुकानात पाणी शिरले. शिरणारच. दर निवडणुकीला आमच्या रस्त्यावर नवा थर पडतो, जुना कोणी खरडत नाही. रस्ता चढत गेला, दुकान खाली राहिले. माझ्याकडे आता आमदारही वाकून येतात. पाण्याला वाट द्यावी म्हणून खांबाच्या बुडाशी खणायला घेतले. थरावर थर निघाले आणि शेवटी अडीच फुटांखाली पाणपोईची फरशी लागली. तिच्या कडेला जुन्या रस्त्याची खडी, फरशीच्या बरोबरीने. खाली उतरलो, फरशीवर उभा राहिलो. भोक माझ्या छातीसमोर आले.

थर चढत गेले तसे भोक छातीवरून गुडघ्यावर आले; गाव वर्षानुवर्षे खांबाला गुडघा लावत होते आणि आपण उभे कशावर आहोत हे कोणी पाहिलेच नाही. मीही नाही; दुकान माझेच.

पहिल्यांदा कोकिळाला बोलावले. ती ड्युटीच्या कपड्यातच आली, उतरली, भोकावर तळहात ठेवला. मग म्हणाली, "काका, आज मले माह्या बापाची उंची कळली."

मग हवालदारांना बोलावले. त्यांच्यामागे बनाबाई न बोलावता आल्या.

हवालदार काठावरूनच म्हणाले, "गुलाबराव, खड्डा तुम्हीच खंदला, मग खांबही तुम्हीच वर सरकवला नसन कशावरून?"

"हलवून पाहा."

त्यांनी दोन्ही हातांनी रेटा दिला. खांब हलला नाही, हवालदारांची टोपी पडली.

बनाबाई म्हणाल्या, "टोपी गेलीच हाय खाली, आता तुमी बी उतरा. मले येडी म्हनता म्हनता म्हातारी केली तुमी लोकायनं. ठिवा पाय फरशीवर."

ते उतरले. भोक त्यांच्याही छातीसमोर आले. एक बोट त्यांनी आत घातले आणि काढले.

"जबाब लिहून राह्यले होते तवा सायेब म्हणे, वाकला होता ना? मी म्हटलं, हो जी. तवापासून मले तो वाकलेलाच दिसते."

"आन् आता?" बनाबाईंनी विचारले.

"आता भोक दिसून राह्यलं ना, बाई."

वर यायला त्यांना जमेना. हात बनाबाईंनीच दिला. "लाल सदऱ्याचं काय?" असे हवालदारांनी वर येता येता विचारले, तेव्हा तो हात पुन्हा सोडून देण्याची भाषा झाली.

माझा निष्कर्ष मोजका आहे. गोळी लागली तेव्हा माणिक उभा होता आणि गोळी कमरेखाली झाडलेली नव्हती. आधी त्याने दगड मारला होता का, हे खड्डा सांगत नाही, म्हणून मीही सांगत नाही. पाणी पीत होता का, तेही नाही. जेवढे दिसते तेवढेच.

आता ग्रामपंचायत रस्ता सिमेंटचा करणार आहे आणि खड्डा बुजवा म्हणून मला नोटीस आहे. चंद्रशेखरला तिथे चायनीजची गाडी लावायची आहे. "दादा, भोकाचं भाडं येते का?" असे त्याने मला दवाखान्यातल्या खाटेवर विचारले. म्हणून ही पट्टी, खांब, भोक आणि खड्डा यांसह, मी कोकिळा माणिक खिल्लारे हिला देत आहे. भोवती कठडा बांधावा, वर जाळी टाकावी, उतरायला पायऱ्या कराव्यात. बुजवू मात्र नये. सरपंचांचा पुतण्या त्यात पडला हे खरे, पण तो सपाट रस्त्यावरही पडतो. कोणी पुरावा मागितला तर वाद घालू नये, खाली उतरवावे.

कलम ५. माझ्या तेराव्याला भाषण नको. पुढारी आलेच तर त्यांना खड्डा दाखवावा.

साक्षीदारांना या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही, त्यामुळे दोघेही नाराज आहेत. कायद्याने साक्षीदाराला मजकूर माहीत असायची गरज नसते. तरी हवालदारांनी कलम ४ दोनदा वाचून घेतले, बनाबाईंना मोठ्याने वाचून दाखवले आणि मग पेन मागितला.

सही मी खड्ड्यात उतरून, कागद खांबाला टेकवून केली आहे. "गुलाबराव" मधील "ब" वर कागद फाटलेला दिसेल. तिथे मागे भोक होते, पेन आत गेला. ती खाडाखोड समजू नये.

सही: गुलाबराव काशिराम वानखडे

आम्ही दोघांनी गुलाबराव वानखडे यांना वरील सही करताना एकाच वेळी, एकाच काठावरून पाहिले. ते उभे होते.

१. भागवत त्र्यंबक सोळंके, निवृत्त पोलीस हवालदार (सही)
२. बनाबाई सखाराम जुमडे (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: मौजे धामणखेड, पाणपोईचा खड्डा
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२६