मॅमथच्या दाढेला टाकी

सिस्टर, काल नातीच्या पुस्तकात केसाळ हत्तीचं चित्र पाहिलं आणि तुमचा वर्ग आठवला. एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीच्या आमच्या कॉन्व्हेंटात तुम्ही टेबलावर विटेएवढा तपकिरी दगड ठेवला होता. तुमच्या देशातल्या थंड समुद्रात, मासळीबरोबर तो तुमच्या वडिलांच्या जाळ्यात आला होता. "दगड नाही गो, दाढ. मॅमथची," तुम्ही म्हणालात. मराठी तुम्ही कोळणींकडून उचललेली. एकदा फादरनाही 'गो' म्हणाला होतात. मॅमथला आयुष्यात सहा वेळा दाढा येत, तुम्ही सांगितलंत. शेवटची गुळगुळीत झाली की गवत चावता येत नसे, आणि एवढं मोठं जनावर भर कुरणात उपाशी मरे. ही दाढ एका बाजूने अगदी गुळगुळीत होती. तिच्यावरून बोट फिरवताना तुम्ही मध्येच थांबलात. वडील गेल्याचं पत्र तुम्हाला त्याच आठवड्यात आलं होतं.

शनिवारी दाढ पुसून कपाटात ठेवायचं काम माझ्याकडे होतं. त्या शनिवारी मी ती न विचारता घरी नेली. मागच्या पडवीत टाकीवाली बसली आहे, आईच्या झिजलेल्या पाट्यावर छिन्नीने नव्या खाचा पाडते आहे. खाचा पडल्या की पाटा पुन्हा मसाला वाटतो, हे मला ठाऊक. मी दाढ तिच्यापुढे ठेवते.

"ह्यो कुठला धोंडा गो बाय?"

"हत्तीची दाढ आहे. हिलाही टाकी लाव."

"मेल्या हत्तीला आता चणे चारतेस काय?" ती खदखदून हसली. दुसऱ्याच घावाला कोपरा उडाला.

सोमवारी मी तुम्हाला म्हटलं, हातातून पडली. तुम्ही तुकडा उजेडात धरलात. छिन्नीची खूण स्पष्ट दिसत होती. "खरं सांग, मी रागावणार नाही," एवढंच म्हणालात. मी पुन्हा तेच म्हटलं, हातातून पडली. पुढच्या शनिवारी कपाटाची किल्ली दुसऱ्या मुलीकडे गेली, आणि माझ्याशी तुम्ही पूर्वीसारखं बोलला नाहीत.

हे पत्र टाकायला आता पत्ता नाही. असता तरी टाकलं असतं का, कोण जाणे. शिक्षेला मी भीत नव्हते, सिस्टर. दाढ घरी नेली त्याच्या आदल्या दिवशी, ती छातीशी धरून तुम्ही रडत होतात, ते मी दाराआडून पाहिलं होतं. दाढ का नेली ते खरं सांगायचं तर तेही सांगावं लागलं असतं.