टेनरचे पाच रुपये

जबलपूर, ऑगस्ट १९४३

आदरणीय पाळकसाहेब, सलाम.

लढाईमुळे आमच्या तोफांच्या कारखान्यात डबल पाळी लागली आणि चर्चच्या गायकवर्गात सरावाला कोणी येईना. म्हणून मंडळीने वर्गणी काढून चार स्वरांच्या चार मुख्यांना महिना पाच रुपये लावले. टेनरचे, म्हणजे पुरुषांच्या वरच्या स्वराचे, मी घेऊन राहिलो. पण तोफांच्या चाचणीवर माझे कान गेले, साहेब. कानाशी बोललं तर कळतं, ऑर्गन ऐकू येत नाही. समोर आल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या स्वराच्या, अनसूयाबाईंनी तोंड उघडलं की मी उघडतो, आणि माझ्यामागे सहा टेनर.

परवा गीताच्या मधेच बाईंना ठसका लागला. त्या थांबल्या, मी थांबलो, सहाजण थांबले, मग सगळेच, ऑर्गनसुद्धा. तुम्हाला वाटलं, आघाडीवरच्या पोरांसाठी आम्ही शांत उभे आहोत. डोळे पुसत तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "रत्नाकरजी, दर रविवारी इथं असंच थांबा." वर दोन रुपये वाढवून दिले.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहून राहिलो. हेही खिशातच राहील. देत नाही, ते पैशासाठी नाही. सगळ्या उपासनेत तेवढीच एक जागा आहे, जिथे मला बाकीच्यांइतकंच ऐकू येतं.

आपला थकलेला,
रत्नाकर