सात फूट खळ

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार (पत्रापुरता, प्रत्यक्षात मी टेबलाशी ताठ बसले आहे, समोर ओला कागद वाळतो आहे आणि मला हलता येत नाही). गुडघा कसा आहे? मामीने कळवलं की रक्तदाब ‘ठीक’ आहे. ठीक हे माप नव्हे. वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे कळवा. माझी प्रकृती उत्तम, वजन स्थिर.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत की एवढं रसायनशास्त्र शिकून मी दफ्तरखान्याच्या दुरुस्ती विभागात नेमकं काय करते. पुढच्याच ओळीत स्वतः उत्तरही दिलंत, की कागद चिकटवायला पदवी कशाला, खळ काय कुणीही लावतो. मला राग आला नाही. (या पत्राआधीची दोन पत्रं फाडली, ती अक्षर नीट नव्हतं म्हणून.) लावतो कुणीही, मामा. काढणं निराळं. ते मी गेल्या आठवड्यात केलं, म्हणून सविस्तर लिहिते.

गावाच्या पोटातून जाणाऱ्या पाण्याच्या पाइपांचा हाताने काढलेला एकच नकाशा आहे आणि तो आमच्याकडे आहे. दोन तुकडे, मिळून सात फूट. पाइप कुठून जातात ते पुढच्या बाजूला, किती खोलवरून जातात ते पाठीमागे, बारीक अक्षरात. चाळीस वर्षांपूर्वी एका कर्तबगार कारकुनाला वाटलं की कागद फाटायला आला आहे, म्हणून त्याने तो जाड पुठ्ठ्यावर खळीने चिकटवून टाकला, सगळे आकडे आत ठेवून. काम चोख केलं. त्याच्या हाताची मला कदर आहे, आणि त्याला मी कधीही माफ करणार नाही. कारण आता इस्पितळाच्या गल्लीत पाइप गळतो आहे, सोमवारी खोदाईचं यंत्र येणार, आणि खोली माहीत नसताना खोदलं तर यंत्राचा दात मुख्य पाइपात बसून अर्ध्या गावाचं पाणी जाणार. मंगळवारी सकाळी पाणीखात्याचे इंजिनिअर आमच्या दारात उभे. इस्पितळाची गल्ली असलेल्या तुकड्याचा पुठ्ठा मी संध्याकाळपर्यंत पापुद्र्यापापुद्र्याने सोलला. आकड्यांवर खळीचा पिवळा, कडक थर मात्र राहिला. पाण्यात भिजत ठेवावा तर शाई उतरते, पात्याने खरवडावा तर शाईसकट निघतो. आमच्या साहेबांनी (मनाने चांगले, हाताने घातक) शुक्रवार दुपारची मुदत दिली. तोवर जमलं नाही तर वस्तादांनी पातं घ्यायचं. वाचतील तेवढे आकडे आपले. वस्ताद म्हणजे इथले जुने बाइंडर. बत्तीस वर्षं नोकरी, आणि रसायनांबद्दल मत असं की बाटलीवर जितकी बारीक अक्षरं तितकी ती निकामी.

खळ म्हणजे स्टार्च. स्टार्चच्या लांब साखळ्या तोडणारं एक विकर असतं (एन्झाइम म्हणा). साखळ्या तुटल्या की उरतं ते ओल्या बोळ्याने टिपून घेता येतं. शाईकडे ते ढुंकूनही पाहत नाही. जगात स्टार्च सोडून त्याला काही कळतच नाही. मला हा स्वभाव पटतो. पण त्याच्या अटी असतात. थंडीत ते रेंगाळतं, ऊब वाढेल तसा भराभर हात चालवतं, आमच्या बाटलीतलं चाळीस अंशांना सगळ्यात तरतरीत. फार पुढे गेलात की त्याचं उकडलेलं अंडं होतं, आणि उकडलेलं अंडं गार केलं म्हणून कच्चं होत नाही. बुधवारी अर्धी बाटली विरघळवून चाळीसवर ठेवली आणि कापूस आणायला गेले. तेवढ्यात साहेब आले. गरम पाण्यात सगळं लवकर होतं या अनुभवसिद्ध ज्ञानाने त्यांनी शेगडी वाढवून द्रावण ऐंशीवर नेलं, मग मी रागावेन म्हणून पातेलं नळाखाली धरून पुन्हा चाळीसवर आणून ठेवलं. मी परतले तेव्हा थर्मामीटर चाळीस दाखवत होता. त्या मेलेल्या विकराचे बोळे मी दिवसभर नकाशावर ठेवत होते. संध्याकाळी त्यांनी स्वतःच सांगितलं, तेही शाबासकीच्या अपेक्षेने.

गुरुवारी उरलेली अर्धी बाटली. या वेळी खोलीला आतून कडी. तापमान चाळीस, एका अंशाचाही फरक नाही. तीन तासांत खळ जागची हलली नाही. मग मी सामू (आंबटपणाचं माप, पीएच म्हणा) मोजायची पट्टी लावली. पट्टी चार. जुना पुठ्ठा चाळीस वर्षं आपलं आम्ल त्या खळीत मुरवत बसला होता, आणि आमचं विकर सातच्या आसपास, म्हणजे ना आम्ल ना अल्क अशा जागीच काम करतं. इतक्या आंबटात त्याचा आकारच बिघडतो. सामू मी आधी मोजला नव्हता. हे वाक्य मी एकदाच लिहिणार आहे, तुम्ही ते मामीला वाचून दाखवू नये. बाटली संपली. नवीन यायला तीन आठवडे. मी चुन्याची निवळी खूप पातळ करून एका कोपऱ्यावर टिपली आणि पट्टी सातवर आणली, कशासाठी ते मलाही ठाऊक नव्हतं. निदान एक कोपरा तरी बरोबर असावा, एवढंच.

संध्याकाळी कडी काढली तशी वस्ताद पातं परजतच आत आले. खळ किती कडक आहे ते पाहावं म्हणून त्यांनी बोट जिभेला लावलं (पानं उलटणाऱ्या माणसाची सवय) आणि त्याच कोपऱ्यावर घासलं. मी ओरडणार होते. ओरडले नाही, कारण बोटाखाली ‘६’ दिसायला लागला. त्यांनी तो पाहिला, मला पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुमची बाटली फ्रिजात राहते. माझी तोंडात.”

मामा, थुंकीत तेच काम करणारं विकर असतं, हे मला शाळेपासून पाठ होतं. सदतीस अंश, सामू जवळजवळ सात, तीन आठवडे थांबायला नको. पण त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यावर बोट घासलं तेव्हा काहीच झालं नाही. तिथला सामू अजून चार होता. म्हणजे थुंकी त्यांची, पण ती चालली माझ्या निवळीमुळे. हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

रात्री बसून मी उरलेल्या तुकड्यालाही निवळी टिपून पट्टी सातवर आणली, पण साडेतीन फुटांना एका माणसाची थुंकी पुरत नाही. शुक्रवारी सकाळी मी कार्यालयाची चाचणी घेतली. स्टार्चच्या पाण्यात आयोडीनचा थेंब टाकला की ते निळं होतं, स्टार्च संपला की होत नाही. थुंकी घातल्यावर तो संपायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. वस्ताद चार मिनिटं. टेलिफोनवरच्या बाई पाच (बोलण्याचा सराव, असं त्यांचं स्पष्टीकरण). इंजिनिअर आकडे मागायला आले होते, ते नमुना देऊन बसले: साडेपाच. साहेबांचं पाणी वीस मिनिटांनीही निळंच. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला चौकशी करावी लागली. निघालं असं की घसा साफ राहावा म्हणून ते नुकतंच लिंबू चोखून आले होते. चूळ भरायला लावून अर्ध्या तासाने पुन्हा घेतलं, सहा मिनिटं. त्यानंतर दिवसभर ते भेटेल त्याला सहाचा आकडा सांगत होते. माझी वेळ दोन मिनिटं चाळीस सेकंद. इमारतीत सर्वांत कमी. मी ती तीनदा तपासली. (चौथ्यांदा निव्वळ आवडली म्हणून.)

सगळ्यांच्या थुंकीचे बोळे ठेवून इस्पितळाच्या गल्लीचे सर्व आकडे दुपारी पावणेबाराला वाचता आले, शाईचा एक ठिपकाही न जाता. नंतर स्वच्छ पाण्याने टिपून घेतलं. कागदावर कुणाचंच काही राहू दिलं नाही. सोमवारी मी सहज त्या गल्लीतून गेले (तो माझा रस्ता नाही). यंत्र साडेपाच फुटांवर थांबवून माणसं फावड्याने खाली उतरत होती. इंजिनिअरांनी खड्ड्यात टेप सोडला आणि वर न बघताच म्हणाले, “सहा फूट दोन इंच. बाई, इंचाचाही फरक नाही.” तो आकडा माझा नसून नकाशाचा आहे, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

मामीला नमस्कार. पुठ्ठ्याचा एक तुकडा सोबत पाठवते आहे, जिभेला लावू नये, आंबट लागेल.

आपली भाची

ता. क. : नकाशाचा दुसरा तुकडा बाकी आहे आणि त्यावरची खळ जाड आहे. थुंकीतलं हे विकर कुणाला किती मिळतं ते बरंचसं घराण्यातून येतं, असं वाचलं. तेव्हा आईकडच्या कुणाची तरी चाचणी व्हायला हवी, आणि आईकडचे तुम्ही एकटेच आहात. थुंकी पाकिटातून पाठवता येत नाही (वाटेत गार होते आणि आंबते), त्यामुळे तोंड इकडे आणावं लागेल. गुरुवारी अकरा वाजता. त्याच दिवशी नकाशा लोकांना पाहायला मांडणार आहेत, पण तो योगायोग. सकाळपासून लिंबू नको.

ता. क. २ : गाडी नऊ वाजून दहाची. स्टेशनपासून आमचं दार सहाशे बारा पावलं, चढ नाही, मध्ये दोन बाकं आहेत. काल चालून पाहिलं.

ता. क. ३ : दुसऱ्या तुकड्याचं काम आज सकाळी संपलं. तरी या. नकाशाखालच्या पट्टीवर माझं नाव अगदी बारीक छापलं आहे, तेव्हा वाचायचा चष्मा आणा.